विजोड रंग झाकण्याआधी

दसऱ्याला आमच्या सोसायटीत नवी गाडी आली. हार घातला, नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली, पेढे वाटले. मग एकेकाने आत डोकावून पाहिलं आणि शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बाहेरून एवढी देखणी, पण आत मॅचिंग काहीच नाही. डॅशबोर्ड वर काळा, खाली बिस्किटी. सीट तिसऱ्याच रंगाची, पट्टे करडे. एवढे पैसे घेऊन यांना एक रंग धड लावता येत नाही का?" मालकांच्या मनाला ते लागलं असावं. चार दिवसांनी गाडी ॲक्सेसरीच्या दुकानातून परत आली, तेव्हा आतलं सगळं एकाच बिस्किटी रंगाखाली गेलं होतं. सीटवर घट्ट कव्हर, डॅशबोर्डवर मखमली चादर, सीटबेल्टच्या पट्ट्यांना मऊ खोळी.

मी बावीस वर्षं भोसरीत, गाड्यांचे प्लास्टिकचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात रंगतपासणीचं काम केलं. त्या कव्हरांखाली काय काय झाकलं गेलं ते मला दिसत होतं. म्हणून हे लिहितो आहे. गाडी घेणाऱ्या आणि घेतलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: आतले रंग विजोड दिसले म्हणून लगेच झाकू नका. आधी ते तसे का आहेत ते समजून घ्या.

साडीवर ब्लाउजपीस घ्यायला गेलेली बाई काय करते, ते आठवा. मॅचिंग सेंटरच्या ट्यूबलाइटखाली कापड अगदी जुळतं. तरी ती साडीचा पदर आणि ते कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर येते, उन्हात धरते आणि म्हणते, "नाही हो, हा रामा कलर नाही, यात निळं जास्त आहे." दुकानदार वाद घालत नाही, कारण तिचं बरोबर असतं. दोन रंग एका उजेडात सारखे दिसतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळे पडतात. आमच्या धंद्यात याला मेटामेरिझम म्हणतात. रंगद्रव्यं वेगळी असली की हे सहसा होतं.

आता गाडीच्या आत बघा. डॅशबोर्डचं प्लास्टिक बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलिनचं. दाराच्या मधल्या पट्ट्यावर कापड किंवा रेक्झिन. सीटवर पॉलिएस्टरचं विणकाम, छताला पातळ कापड, पायाखाली गालिचा, पट्टे आणखी वेगळ्या धाग्याचे. प्रत्येकाचा रंग वेगळ्या रसायनाचा, बनवणारा कारखाना वेगळा. हे सगळे पार्ट एका छताखाली येतात ते थेट गाडी जोडताना.

कामाच्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. आमच्याकडे एक लाइट बूथ होता. आतून राखाडी रंगवलेली पेटी, बाहेर बटणं. एक बटण दाबलं की दुपारच्या उजेडासारखा दिवा, दुसरं दाबलं की दुकानातल्या ट्यूबसारखा, तिसरं दाबलं की पिवळा बल्ब. मी आमच्या प्लास्टिकची चकती आणि दुसऱ्या कारखान्यातून आलेल्या कापडाचा तुकडा शेजारी ठेवला. दोन्ही बिस्किटी. दुपारच्या दिव्यात दोघांमधला फरक कळेना, मी खूश झालो. साहेबांनी काही न बोलता पिवळ्या बल्बचं बटण दाबलं. कापड गुलाबीकडे गेलं, प्लास्टिक हिरवटाकडे. जणू दोन वेगळ्या घरांतली भांडी एका फळीवर मांडली होती. गाडी उन्हातही उभी राहते आणि रात्री रस्त्याच्या दिव्याखालीही. ग्राहक तिला दोन्ही वेळा बघणार.

कापड आणि प्लास्टिक सोडा, एकाच प्रकारच्या प्लास्टिकच्या दाण्यातून, एकाच लॉटमधून काढलेले दोन पार्टही वेगळे दिसू शकतात. साच्यावर जी बारीक जाळी कोरलेली असते, तिला आम्ही ग्रेन म्हणतो. एका साच्याचा ग्रेन खोल, दुसऱ्याचा उथळ असला की एक पार्ट मंद दिसतो आणि दुसरा चकाकतो. चकाकी बदलली की डोळ्याला रंगच बदललेला वाटतो. मशीन सांगतं रंग तोच आहे, डोळा ऐकत नाही. फरक मोजायला डेल्टा ई नावाचं माप आहे. ते 1 च्या आसपास असलं तर सरावलेल्या नजरेलाही फरक जेमतेम कळतो. पण दोन पार्ट चिकटून बसवले, मध्ये फक्त केसाएवढी फट राहिली, की तेवढा फरकही सापडतो.

यातूनच त्या विजोडपणाचं पहिलं कारण निघतं. एकोणीस-वीसचा फरक डोळ्याला खुपतो, दोन आणि वीसचा खुपत नाही. काळ्याच्या शेजारी बिस्किटी ठेवलं, तर कोणी म्हणत नाही की जुळवायला गेले आणि चुकले. बिस्किटीशेजारी किंचित पिवळट बिस्किटी आला, तर प्रत्येक जण म्हणतो. पैठणीचे काठ अंगाच्या रंगाशी जुळत नाहीत म्हणून तिला कोणी नावं ठेवत नाही, ते मुद्दाम वेगळे विणलेले असतात हे सगळ्यांना माहीत असतं. गाडीचा आतला भाग आखणारेही हेच करतात. जिथे जुळवणं टिकणार नाही तिथे ते सरळ दुसरा रंग घेतात.

टिकणार नाही म्हणतो, कारण ऊन कुणाला सोडत नाही. अमेरिकेत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांच्या आतलं तापमान मोजलं होतं. 2018 साली ते निष्कर्ष आले. डॅशबोर्ड सरासरी 69 अंश सेल्सियसपर्यंत तापला, स्टिअरिंग 53 आणि सीट 51 पर्यंत. तिथला उन्हाळा कडक खरा, पण आपल्या जळगाव-अकोल्याच्या मे महिन्याहून फार लांबचा नव्हे. एवढ्या उष्णतेत आणि उन्हात कापड, प्लास्टिक आणि रेक्झिन आपापल्या गतीने विटतात. कारखान्यात आम्ही झेनॉनच्या दिव्याखाली नमुने दिवसेंदिवस तापवत ठेवायचो. आत जाताना जुळलेले तुकडे बाहेर येताना जुळलेले असतीलच असं नसायचं. काळा रंग यात सर्वांत तगडा, कारण त्यातलं कार्बन ब्लॅक उन्हातले अतिनील किरण स्वतःच शोषून घेतं आणि खालचं प्लास्टिक वाचवतं.

आता पैशाचं कारण. ते लपवायचं कारण नाही. मोल्डिंग मशीनमध्ये काळा दाणा चालू असताना बिस्किटी घ्यायचा म्हटलं, की आधीचा काळा पूर्ण बाहेर काढावा लागतो. तरी पहिल्या कितीतरी पार्टवर करड्या शिरा उमटतात, ते सगळे बाजूला जातात. बिस्किटीचं भंगार दळून काळ्यात वापरता येतं, काळ्याचं बिस्किटीत कधीच नाही. म्हणून जे पार्ट अनेक मॉडेलमध्ये सारखे लागतात, म्हणजे स्विच, पट्टे, एसीच्या झडपा, ते काळे किंवा करडेच ठेवतात आणि रंगाची हौस दोन-चार मोठ्या पार्टवर भागवतात. यात ग्राहकाची फसवणूक नाही. प्रत्येक रंगात प्रत्येक पार्ट काढायचा म्हटला तर त्याचे पैसे शेवटी आपल्याच खिशातून जातील.

इथवर सांगितलेली कारणं कारखान्याची होती. ती ऐकून कोणी म्हणेल, असेना, मला झाकायचं आहे तर झाकू दे. पण यापुढची कारणं तुमच्या जिवाची आहेत.

डॅशबोर्डचा वरचा भाग काळा किंवा गडद आणि चकाकी नसलेला ठेवतात, कारण तो पुढच्या काचेत आरशासारखा उमटतो. आजच्या गाड्यांची काच फार तिरपी असते. खाली फिका रंग असेल तर दुपारच्या उन्हात त्याचं पांढुरकं प्रतिबिंब थेट तुमच्या आणि रस्त्याच्या मध्ये उभं राहतं. पटत नसेल तर उद्या दुपारी गाडी उन्हात उभी करा, डॅशबोर्डवर पांढरा नॅपकिन पसरा, चालकाच्या जागेवर बसा आणि काचेतून समोर सावलीत उभ्या असलेल्या माणसाकडे बघा. तो माणूस धुक्यात गेल्यासारखा दिसेल. बोगद्यात शिरताना किंवा झाडांच्या सावलीच्या रस्त्यावर तो माणूस म्हणजे सायकलवरचं शाळकरी पोर असू शकतं. अमेरिकेत 1968 पासून वाहन सुरक्षेचे नियम लागू झाले, तेव्हा त्यात चालकाच्या नजरेसमोरच्या चकाकणाऱ्या धातूच्या भागांवरही मर्यादा घातली होती. तेव्हापासून आजवर माणसाचा डोळा काही बदललेला नाही.

म्हणून डॅशबोर्डवर फिकी चादर नको, आणि ते पॉलिशही नको. गाडी धुणारा शेवटी फवारा मारून डॅशबोर्ड आरशासारखा चमकवतो आणि आपण खूश होऊन त्याला वर दहा रुपये देतो. त्याला सांगा, ओल्या फडक्याने पूस, पुरे. गणपतीची मूर्ती ठेवायची असेल तर जरूर ठेवा, पण लहान, नीट चिकटवलेली, आणि शेजारच्या सीटसमोर जिथे एअरबॅगचं झाकण असतं तिथे नको. ते झाकण क्षणार्धात फुटतं आणि त्यावर ठेवलेली वस्तू समोरच्या माणसाच्या तोंडावर येते.

दुसरा विजोड रंग आहे लाल. सीटबेल्टच्या बकलवरचं बटण लालच का असतं, असा विचार कधी केलात? संयुक्त राष्ट्रांच्या सीटबेल्टविषयीच्या नियम क्रमांक 16 मध्येच तसं लिहिलं आहे: बेल्ट सोडवण्याचं बटण लाल असावं आणि बकलचा दुसरा कोणताही भाग लाल नसावा. अपघातानंतर धूर असेल, गाडी उलटली असेल, सोडवायला आलेल्या माणसाने ती गाडी आयुष्यात पाहिलेली नसेल, तरी त्याला शोधावं लागू नये.

हे मला माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, दाखवून दिलं. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. पुतण्याच्या गाडीतून दवाखान्यात गेलो. उतरताना दादा बेल्टशी झटत राहिले. सीट कव्हर इतकं जाड होतं की बकल त्यात अर्धं बुडालं होतं आणि वर त्याच रंगाची खोळ. दादांची बोटं त्या मऊ कापडावरून पुन्हा पुन्हा फिरत होती, बटण लागत नव्हतं. मागच्या रिक्षाने हॉर्न वाजवला तशी त्यांची घाई वाढली. शेवटी मी वाकून बटण दाबलं. घरी आल्यावर पुतण्याने ती खोळ काढली. पुढच्या खेपेला दादा बसल्या बसल्या म्हणाले, "हे लाल दिसतंय की." उतरताना त्यांनी बेल्ट स्वतः सोडला. अंधुक डोळ्याला बिस्किटीवर बिस्किटी दिसत नाही, बिस्किटीवर लाल दिसतो. बसमधले पिवळे दांडे आणि पायरीच्या कडेची पिवळी पट्टी याच कामाची आहे. घरात म्हातारं माणूस असेल तर गाडीच्या आत असा उठून दिसणारा रंग जेवढा असेल तेवढा राहू द्या.

तिसरी गोष्ट रंगाची कमी आणि शिवणीची जास्त आहे, पण मॅचिंगच्या नादात तीच आधी झाकली जाते. पुढच्या सीटच्या पाठीला, दाराकडच्या बाजूला, एअरबॅग लिहिलेलं छोटं लेबल शोधा. ते असेल तर बाजूची एअरबॅग सीटच्या आतच आहे आणि ती तिथली शिवण उसवून बाहेर येते. ती शिवण मुद्दाम तशी घातलेली असते. दुकानातलं घट्ट कव्हर त्यावर ताणून बसवलं, तर एअरबॅगला आधी ते फाडावं लागेल, नाहीतर ती भलत्याच दिशेने फुगेल. एअरबॅगसाठी पैसे मोजायचे आणि वर कव्हरालाही पैसे देऊन तिचं तोंड शिवून टाकायचं, हे मला बघवत नाही. कव्हर हवंच असेल तर गाडीच्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेलं, त्या बाजूला मोकळं असलेलंच घ्या. इलेक्ट्रिक गाडी असेल तर आणखी एक रंग लक्षात ठेवा: नारिंगी. जास्त दाबाच्या तारांचं वेष्टण नारिंगी ठेवण्याचा नियम आहे. ॲक्सेसरी बसवणाऱ्याला त्या तारांच्या आसपास हात घालू देऊ नका.

सजवण्याची हौस मी समजू शकतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत छताला लावलेली फुलाफुलांची कापडं बघत आमच्या पिढीने प्रवास केला. 2023 च्या ऑक्टोबरअखेर त्यातली शेवटची टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली, तेव्हा वाईट वाटलं. पण त्या टॅक्सीच्या छतात काही दडलेलं नव्हतं. आताच्या कितीतरी गाड्यांत छताच्या कडेला पडद्यासारखी उलगडणारी एअरबॅग असते.

आता गाडी घेतानाचं. फिका रंग आत असला की गाडी मोठी आणि मोकळी वाटते, उन्हात थोडी कमी तापते, आणि आपल्याकडे तो श्रीमंतीचाही वाटतो. हे सगळं खरं आहे. पण फिका रंग कुठे आहे ते बघा. आपल्या जुन्या शाळा आणि दवाखाने आठवा: भिंतीला वर पांढरा चुना आणि खाली कमरेएवढ्या उंचीपर्यंत गडद ऑइलपेंटचा पट्टा. पोरांचे हात आणि बुटांच्या ठोकरा तिथेच लागतात, हे रंगवणाऱ्याला ठाऊक होतं. गाडीतही तोच हिशेब आहे. छत फिकं असू दे, तिथे कुणाचे पाय लागत नाहीत. दाराचा खालचा भाग, गालिचा आणि सीटच्या कडा गडद असतील तर वर्षानुवर्षं बऱ्या दिसतील. फिक्या सीटला नव्या जीन्सचा निळा रंग लागतो आणि सहसा पूर्ण निघत नाही. डोकं टेकायच्या जागी तेलाचा डाग पडतो. कोकणात येणं-जाणं असेल तर तांबड्या मातीचं वेगळं सांगायला नकोच. शोरूममध्ये खालून-वरून दिवे लावलेले असतात, तिथे बघून रंग ठरवू नका. मॅचिंगला गेलेल्या बाईसारखं करा, गाडी बाहेर उन्हात काढायला लावा. चालकाच्या जागेवर बसून आधी काचेत काय उमटतं ते बघा, मग सीटकडे वळा.

जुनी गाडी घेत असाल तर विजोड रंग तुमचा साक्षीदार आहे. वर काळं, खाली बिस्किटी, हे दोन्ही दारांना सारखंच असेल तर ते आखलेलं आहे. पण डावं दार आणि उजवं दार यांच्या बिस्किटीत फरक असेल, चारपैकी एकच पट्टा नवा कोरा दिसत असेल, तर काहीतरी घडलेलं आहे. दार बदललं असेल, एअरबॅग फुटून डॅशबोर्ड बदलला असेल. पट्ट्यावर शिवलेल्या लेबलवर बनवल्याची तारीख सापडली तर ती गाडीच्या वर्षाशी ताडून बघा. पट्टा शेवटपर्यंत ओढून काढा. पुरात बुडालेल्या गाडीचं बाकी सगळं धुतात, पण गुंडाळीच्या आतला पट्टा धुवायचं बहुतेक राहून जातं आणि तिथे मातीची आडवी रेघ दिसते. 26 जुलै 2005 ला मुंबईत आणि 2021 च्या जुलैत चिपळुणात किती गाड्या पाण्याखाली गेल्या, ते आपण पाहिलं आहे. म्हणूनच विकायच्या जुन्या गाडीला नवीकोरी, घट्ट, एकरंगी कव्हरं घातलेली दिसली तर ती काढून दाखवायला सांगा. विकणारा काढायला तयार नसेल तर तिथून उठा.

आमच्या सोसायटीतल्या त्या मालकांना मी हे सगळं सांगितलं. डॅशबोर्डवरची चादर त्यांनी त्याच दिवशी काढली. सीट कव्हरांवर बरेच पैसे गेले होते, म्हणून ती काढायला त्यांचा जीव होईना. मग आम्ही दोघांनी मिळून सीटच्या बाजूचं लेबल शोधलं, कव्हराने ते पूर्ण झाकलेलं होतं. दुसऱ्या दिवशी कव्हरंही निघाली.

तुमच्या गाडीतही आज एवढं बघा. पुढच्या दोन्ही सीटच्या दाराकडच्या बाजूला हात फिरवा, लेबल आणि शिवण मोकळी आहे का ते तपासा. सगळ्या बकलची लाल बटणं बसल्या जागेवरून दिसतात का, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बसवून विचारा. दिसत नसतील तर वरचं कापड काढून टाका.